न झालेल्या गोलांचा हिशेब : अ‍ॅलन हॅन्सन

२२ जून १९८२, स्पेनमधलं मालागा. फुटबॉल वर्ल्ड कपच्या गटातला शेवटचा सामना, स्कॉटलंड विरुद्ध सोव्हिएत संघ. स्कोअर १-१ आणि सहाएक मिनिटं शिल्लक. स्कॉटलंडला जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही, समोरच्यांना बरोबरीही पुरते. बाजूच्या रेषेजवळ एक लांब चेंडू येतो. त्यावर स्कॉटलंडचेच दोन बचावपटू धावतात, अ‍ॅलन हॅन्सन आणि विली मिलर. गल्ली क्रिकेटमध्ये उंच उडालेल्या कॅचखाली दोघं जातात, ‘माझा!’ म्हणून कुणीच ओरडत नाही, आणि मग जे व्हायचं तेच होतं. दोघं एकमेकांवर आदळले, चेंडू सुटला आणि रामाझ शेंगेलिया तो घेऊन निघाला. पुढे मोकळं मैदान आणि एकटा गोलरक्षक अ‍ॅलन रफ. २-१.

दोनच मिनिटांनी ग्रॅम सूनेसनं बरोबरी साधली, पण उपयोग शून्य. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले, गोलफरकावर सोव्हिएत संघ पुढे गेला आणि स्कॉटलंड घरी परतलं.

तर हा जो हॅन्सन, तो लिव्हरपूलकडून ६२० सामने खेळला. आठ वेळा इंग्लंडची लीग जिंकली, तीन वेळा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग), दोनदा एफए कप आणि शिवाय लीग कप (या दोन्ही इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धा). पण स्कॉटलंडमधल्या जुन्या माणसाला त्याचं नाव विचारा, तो आधी मालागाची टक्कर काढेल. इंग्लंडमधल्या माणसाला विचारा, तो हॅन्सननं १९९५ मध्ये टीव्हीवर बोललेलं एक वाक्य सांगेल. तेही चुकीचं ठरलेलं. चौदा वर्षांच्या कामगिरीची अशी वासलात लागते, कारण बचावपटूचं कामच तसं आहे. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात छापून येतं. जो गोल झालाच नाही, त्याचा रकाना नसतो.

हे काम नेमकं असतं काय, ते हॅन्सनच्या निमित्तानं बघू. तो त्या कामाचा फार चांगला नमुना आहे आणि थोडा विचित्रही, कारण बचावपटूकडून लोकांची जी अपेक्षा असते त्यातल्या निम्म्या गोष्टी तो करायचाच नाही.

वाट बघणारा माणूस

फुटबॉल अधूनमधून पाहणाऱ्याच्या डोक्यात बचावपटू म्हणजे आडदांड गडी. घसरत जाऊन पाय घालणारा, डोक्यानं चेंडू हाणणारा, जमलंच नाही तर प्रेक्षकांत भिरकावून देणारा. अशांना इंग्लंडमध्ये तेव्हा ‘स्टॉपर’ म्हणत, आणि सत्तरच्या दशकात तिथं त्यांचीच चलती होती. हॅन्सन सहा फुटांहून उंच पण सडपातळ. घसरून पाय घालणं त्याला फारसं आवडत नसे आणि हवेतल्या झुंजीतही तो काही राक्षस नव्हता. मग तो करायचा काय?

कबड्डी पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. चढाईला आलेला गडी पाय पुढे करून दाखवतो. ते आमिष असतं. कोपऱ्यातल्या नवख्या पोराला राहवत नाही, तो झडप घालतो आणि फसतो. मुरलेला खेळाडू हलत नाही. तो चढाईपटूला रेषेकडे, कोंडीकडे सरकू देतो आणि त्याचा तोल जायची वाट बघतो. फुटबॉलमधल्या चांगल्या बचावपटूचं निम्मं कौशल्य हेच. समोरचा चेंडू घेऊन अंगावर येतोय, तर त्याच्यावर तुटून न पडता दोन हात अंतर राखून मागे मागे सरकायचं, त्याला मैदानाच्या मधून कडेकडे ढकलत न्यायचं. यात दोन फायदे. एक तर कडेवरून गोल मारणं अवघड. आणि दुसरं म्हणजे वेळ मिळतो. चार-पाच सेकंद मिळाले तरी आपले तीन-चार जण मागे धावत येतात आणि एकट्याची लढाई गावाची होते.

उरलेलं निम्मं कौशल्य त्याहूनही अदृश्य. चेंडू कुठे आहे त्यापेक्षा तो कुठे येणार आहे, हे ओळखून तिथं आधीच उभं राहायचं. समोरच्या संघातला कोण मान वर करून बघतोय, त्याचा पाय कुठल्या दिशेला वळलाय, आपला जोडीदार कुणामागे गेल्यामुळे कुठे भगदाड पडलंय, हे सगळं वाचायचं. हॅन्सनला जे घसरून पाय घालावे लागत नसत त्याचं कारण हे. बहुतेक वेळा चेंडू त्याच्याकडे चालत यायचा, निदान गॅलरीतून तरी तसं वाटायचं. ज्याला सारखी शेवटच्या क्षणी उडी मारावी लागते, तो आधी कुठेतरी चुकीच्या जागी उभा होता, असं मी तर खुशाल धरून चालतो. टाळ्या मात्र उडीलाच पडतात.

नाकारलेला पोरगा

हॅन्सनचा जन्म १३ जून १९५५ चा, स्कॉटलंडच्या क्लॅकमॅननशर भागातल्या सॉकी या गावचा. पोरगा हरहुन्नरी होता. गोल्फ, स्क्वॉश, व्हॉलीबॉल, सगळ्यात पुढे. फुटबॉल हे त्यातलं एक, आणि काही काळ तर त्याचं मन गोल्फकडेच जास्त ओढत होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी तो लिव्हरपूलकडे चाचणी द्यायला गेला होता. त्यांनी त्याला परत पाठवलं.

मग तो ग्लासगोतल्या पार्टिक थिसल या क्लबात दाखल झाला, जिथं त्याचा थोरला भाऊ जॉन आधीपासून खेळत होता. ग्लासगोत दोन मोठी घराणी, सेल्टिक आणि रेंजर्स. पार्टिक थिसल म्हणजे त्यांच्या सावलीतलं तिसरं बिऱ्हाड. १९७५-७६ मध्ये त्यांनी स्कॉटलंडची दुसऱ्या पायरीची लीग जिंकली आणि वरच्या डिव्हिजनमध्ये गेले. त्या संघात हॅन्सन होता. मे १९७७ मध्ये ज्या लिव्हरपूलनं त्याला नाकारलं होतं, त्याच लिव्हरपूलनं एक लाख पाउंड मोजून त्याला नेलं. त्याच उन्हाळ्यात त्यांनी सेल्टिककडून केनी डॅल्ग्लिशला आणलं ते चार लाख चाळीस हजारांना. गोल करणाऱ्याचा आणि गोल अडवणाऱ्याचा बाजारभाव यात दिसतो, अर्थात डॅल्ग्लिश तेव्हा नावाजलेला होता आणि हॅन्सन एकवीस-बावीस वर्षांचा, हेही लक्षात घ्यायला हवं. पुढच्या जानेवारीत मिडल्सब्रोहून सूनेस आला आणि लिव्हरपूलचा स्कॉटिश कणा तयार झाला. एक मागे, एक मध्ये, एक पुढे.

चेंडू फेकायचा नाही

लिव्हरपूलला असला बचावपटू का हवा होता, याची गोष्ट चार वर्षं मागे जाते. नोव्हेंबर १९७३ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टार संघानं त्यांना युरोपियन कपमधून बाहेर काढलं. दोन्ही सामने २-१. त्यातला एक तर लिव्हरपूलच्या घरच्या मैदानात, अ‍ॅनफिल्डवर. युगोस्लाव्ह खेळाडू चेंडू आपल्याकडे ठेवायचे, मागून घोळवत आणायचे, घाई म्हणून नाही. तेव्हाचा व्यवस्थापक बिल शँक्ली आणि त्याचे सहकारी बूट ठेवायच्या खोलीत चहा पीत संघाचा खल करायचे. ‘बूटरूम’ हे नाव पुढे दंतकथाच झालं. त्या मंडळींनी निष्कर्ष काढला की युरोपात जिंकायचं तर बचावफळीत नुसता धिप्पाड स्टॉपर चालणार नाही, चेंडू खेळवणारी माणसं पाहिजेत. मग फिल थॉम्पसनसारखा काटकुळा, मूळचा मध्यफळीतला पोरगा बचावात आला. बॉब पेस्ली व्यवस्थापक झाल्यावर त्यानं हाच धागा पुढे नेला आणि त्या धाग्याचं टोक म्हणजे हॅन्सन.

यामागचा विचार सरळ आहे. चेंडू हवेत लांब भिरकावला की पुढे तो आपल्याला मिळेल की त्यांना, हा जुगार. निम्म्या वेळा तो परत आपल्याच अंगावर येणार. त्यापेक्षा मागच्या माणसानंच जर तो दहा-पंधरा पावलं पायात घेऊन पुढे नेला आणि आपल्या मध्यरक्षकाच्या पायात नेमका दिला, तर समोरच्या एका खेळाडूला जागा सोडून त्याला अडवायला यावं लागतं. तो आला की त्याच्यामागे जागा मोकळी. म्हणजे हल्ल्याची पहिली चाल गोलरक्षकाच्या समोरूनच सुरू होते.

हॅन्सनचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर असं. पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर चेंडू, समोरचा आघाडीपटू धावत अंगावर येतोय, गॅलरीतले वडीलधारे ‘मार बाबा, लांब मार!’ म्हणून घसा कोरडा करतायत. हा पठ्ठ्या मान वर ठेवून, एका खांद्यानं डावीकडे जायचा भास करतो, उजवीकडून निघतो आणि अर्ध्या मैदानापर्यंत रमतगमत जातो. मग सूनेसला पास. आज रात्री जागून प्रीमियर लीग पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना यात नवल वाटणार नाही, आता बहुतेक संघ मागूनच खेळ रचतात. पण तेव्हाची मैदानं आठवा. डिसेंबर-जानेवारीत इंग्लंडमधल्या मैदानांचा पार चिखल व्हायचा, नांगरलेल्या वावरासारखा. त्यात चेंडू कधी रुतेल, कधी उसळेल याचा भरवसा नाही. तिथं हे करणं म्हणजे धाडस होतं.

आणि गंमत म्हणजे बाहेरून इतका थंड दिसणारा हा माणूस सामन्याआधी आतून पार गळाठलेला असायचा. त्यानं स्वतः हे नंतर मोकळेपणानं सांगितलंय. त्यामुळे त्याच्या खेळात दिसायचा तो निवांतपणा स्वभाव कमी आणि सवय जास्त, असं मला वाटतं. चेंडू फेकून दिला की तो परत येणार आणि परत धाकधूक होणार, हे ज्यानं ओळखलंय तो चेंडू जपून ठेवतो.

१९७८-७९ चा हंगाम घ्या. लीगचे ४२ सामने, लिव्हरपूलवर झालेले गोल १६. अ‍ॅनफिल्डवरच्या २१ सामन्यांत फक्त ४. रे क्लेमन्स गोलमध्ये, पुढे फिल नील, अ‍ॅलन केनेडी, थॉम्पसन आणि हॅन्सन. ४२ पैकी २८ सामन्यांत समोरच्याला एकही गोल नाही. त्याच संघानं स्वतः ८५ गोल केले. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे. चेंडू सतत तुमच्याकडे असेल तर समोरचा गोल करणार कशानं? बचाव म्हणजे नुसतं अडवणं असतं तर हे आकडे असे जोडीनं आले नसते.

१९८१ मध्ये ब्रायटनहून मार्क लॉरेन्सन आला आणि हॅन्सनला सर्वांत चांगला जोडीदार मिळाला. लॉरेन्सन वेगवान आणि पाय घालण्यात वाकबगार. हॅन्सन वाचणार, लॉरेन्सन तुटून पडणार. मधल्या दोन बचावपटूंची जोडी नेहमी अशी पूरक असावी लागते. दोघंही झेपावणारे असले तर मागे कुणी उरत नाही. दोघंही मागे थांबणारे असले तर... त्याकडे पुढे येतोच.

त्या काळचे नियम

हॅन्सनचं कौतुक करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नियम त्याच्या बाजूला होते.

आज बचावपटूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. हा नियम १९९२ चा. त्याआधी घेता यायचा. म्हणजे आघाडीपटू अंगावर आला, काही सुचेना, तर चेंडू मागे ढकलायचा, गोलरक्षक उचलणार, जमिनीवर टप्पे देत फिरणार, परत हॅन्सनला देणार, हॅन्सन परत मागे. एक-शून्यनं पुढे असलेला लिव्हरपूल संघ शेवटची दहा मिनिटं अशी आरामात संपवायचा. सुनेनं सासूकडे, सासूनं सुनेकडे असं ताट फिरत राहायचं आणि पाहुणा उपाशी. बघणाऱ्याला जांभया यायच्या. म्हणून तर पुढे नियम बदलला.

पण ही सोय दुधारी होती. १० मे १९७८, वेम्बली, युरोपियन कपची अंतिम लढत, बेल्जियमच्या क्लब ब्रूजविरुद्ध. सूनेसच्या पासवर डॅल्ग्लिशनं गोल केलेला, १-० आघाडी, सामना संपत आलेला. हॅन्सननं गोलरक्षकाकडे मागे दिलेला पास कमी पडला. ब्रूजच्या सिमोननं तो गाठला. थॉम्पसन धावत आला आणि त्यानं चेंडू गोलरेषेवरून बाहेर काढला म्हणून कप लिव्हरपूलकडे राहिला. हॅन्सनचा तो पहिलाच हंगाम. थॉम्पसन तिथं पोचला नसता तर पुढची बारा-तेरा वर्षं कशी गेली असती कुणास ठाऊक. मालागात मात्र मागे असा कुणी थॉम्पसन नव्हता.

दुसरा नियम ऑफसाइडचा. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे किमान दोन जण हवेत. एक सहसा गोलरक्षक, म्हणून व्यवहारात बघायचं ते शेवटच्या बचावपटूकडे. आघाडीपटू त्याच्या बरोबरीला असेल तर आज चालतं. १९९० पर्यंत चालत नसे, बरोबरीला असला तरी ऑफसाइड. त्यामुळे चार बचावपटूंनी एका दोरीत पुढे सरकायचं आणि आघाडीपटूला अलगद मागे सोडायचं, ही युक्ती तेव्हा आजच्यापेक्षा सोपी होती. सोपी म्हणजे कागदावर. चौघांतल्या एकानं जरी पाऊल टाकायला उशीर केला तर सगळ्यांचा घात. पाऊल कधी टाकायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि तो ठरवणारा माणूस खेळ वाचणारा लागतो.

देशाकडून फक्त २६

लिव्हरपूलकडून ६२० आणि स्कॉटलंडकडून २६. हे प्रमाण बघून आजही लोक चक्रावतात. कारण शोधायला लांब जायला नको. ज्या काळात हॅन्सन होता त्याच काळात अ‍ॅबरडीन क्लबात विली मिलर आणि अ‍ॅलेक्स मक्लीश होते. मक्लीश चेंडूवर तुटून पडणारा, मिलर मागे थांबून निस्तरणारा. वर्षानुवर्षं एकत्र खेळून दोघांचं इतकं जमलेलं की बोलायची गरज नसे. १९८३ मध्ये या जोडीच्या जिवावर अ‍ॅबरडीननं अंतिम फेरीत रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला. मिलर देशाकडून ६५ सामने खेळला, मक्लीश ७७.

आता मालागाकडे परत बघा. त्या दिवशी मैदानात जोडी होती हॅन्सन आणि मिलरची. दोघंही मागे थांबून वाचणारे. दोघांनाही सवय अशी की जोडीदार झेपावेल आणि आपण मागचं बघू. जेव्हा दोघांनाही वाटलं की हा चेंडू आपला, तेव्हा मागे कुणीच उरलं नाही. ही चूक कुणाची, यावर स्कॉटलंडमध्ये पिढ्या भांडल्या असतील. माझ्या मते ती जोडीच जुळत नव्हती. दोन उत्तम आचारी एका चुलीवर उभे केले की भात लागतोच.

१९८६ च्या मेक्सिको वर्ल्ड कपला तर हॅन्सनला घेतलंच नाही. स्कॉटलंडचा प्रशिक्षक जॉक स्टीन सप्टेंबर १९८५ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्धच्या सामन्यातच कोसळून गेला आणि जबाबदारी आली अ‍ॅलेक्स फर्ग्युसनकडे, म्हणजे अ‍ॅबरडीनच्याच व्यवस्थापकाकडे. त्यानं स्वतःची घडवलेली जोडी पसंत केली. हॅन्सन त्या वेळी इंग्लंडमधल्या सगळ्यात यशस्वी संघाचा कर्णधार होता. त्याच हंगामात लिव्हरपूलनं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले होते, अंतिम सामन्यात एव्हर्टनला ३-१ हरवून. त्याला वगळल्यावर काही दिवसांत डॅल्ग्लिशनं गुडघ्याच्या दुखण्यामुळे संघातून माघार घेतली. मित्रासाठी रुसला, अशी कुजबुज तेव्हापासून आजतागायत आहे. फर्ग्युसनचं नाव लक्षात ठेवा, तो या गोष्टीत परत येणार आहे.

अंधारी वर्षं

या कारकिर्दीत दोन दिवस असे आहेत की त्यांच्यापुढे खेळाचं काही बोलणं फोल वाटतं. २९ मे १९८५, ब्रुसेल्सचं हेजल स्टेडियम, युव्हेंटसविरुद्ध युरोपियन कपची अंतिम लढत. सामन्याआधी लिव्हरपूलचे समर्थक अंगावर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. तरी सामना खेळवला गेला आणि हॅन्सन तो खेळला. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षांची बंदी आली, लिव्हरपूलवर सहा. हॅन्सन निवृत्त होईपर्यंत युरोपात परत खेळलाच नाही. तिशीतला बचावपटू, वाचनात मुरलेला, आणि युरोपची दारं बंद.

दुसरा दिवस १५ एप्रिल १९८९. हंगाम सुरू होण्याआधीच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात गुडघा निखळल्यामुळे हॅन्सन जवळजवळ नऊ महिने बाहेर होता. परतला तो नेमका त्या दिवशी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, एफए कपच्या उपांत्य सामन्यात. सहा मिनिटांत सामना थांबला. गोलमागच्या कुंपणात चेंगरून लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले, शेवटचा मृत्यू त्या दुखापतींनीच २०२१ मध्ये. त्यानंतरचे आठवडे खेळाडू अंत्ययात्रांना जात होते. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी, १९८९-९० मध्ये, हॅन्सन कर्णधार असताना लिव्हरपूलनं लीग जिंकली. त्याची आठवी. मार्च १९९१ मध्ये गुडघ्यानं साथ सोडली आणि तो थांबला. त्याच्या काही आठवडे आधी, तोवर लिव्हरपूलचा व्यवस्थापक झालेल्या डॅल्ग्लिशनंही राजीनामा दिला होता. त्यानंतर लिव्हरपूलला पुढची लीग जिंकायला २०२० उजाडलं.

दुसऱ्याच्या चुका दाखवणारा

लोकांना वाटलं होतं हा डॅल्ग्लिशच्या जागी बसणार. तो बसला बीबीसीच्या स्टुडिओत. ‘मॅच ऑफ द डे’ हा शनिवारी रात्री दिवसभरातल्या सामन्यांचे तुकडे दाखवणारा कार्यक्रम. १९९२ पासून २०१४ पर्यंत, बावीस वर्षं हॅन्सन तिथं होता. तोवर टीव्हीवरचे जाणकार गोलचं कौतुक करायचे. हॅन्सन गोलच्या तीन पास आधी चित्र थांबवायचा. पडद्यावर एक वर्तुळ. हा बचावपटू बघा, चेंडूकडे बघतोय, पाठीमागे कोण शिरलाय त्याला पत्ताच नाही. इथं याला दोन पावलं आत असायला हवं होतं. न दिसणारं काम आता दिसायला लागलं, पण उलट्या बाजूनं, ते जिथं झालं नाही तिथं बोट ठेवून. बचावपटू चुकल्यावरच चर्चेत येतो ही त्याच्या धंद्याची जुनी व्यथा, आणि आता चर्चा करणारा हाच.

या भाषेचा एकदा फार वाईट प्रसंग आला. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल (चेंडू आपल्याच गोलात) झाला. मायदेशी परतल्यावर २ जुलैला मेडेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून ठार मारलं. त्या बातमीनंतर लगेचच अर्जेंटिनाच्या एका बचावपटूच्या चुकीवर बोलताना हॅन्सन म्हणून गेला की असल्या चुकीसाठी याला गोळीच घालायला हवी. रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग, तोंडातून निसटलेला. बीबीसीनं माफी मागितली.

मग १९ ऑगस्ट १९९५. मँचेस्टर युनायटेडनं त्या उन्हाळ्यात पॉल इन्स, मार्क ह्यूज आणि आंद्रेई कांचेल्स्किस हे तीन बडे खेळाडू विकले आणि जागा भरल्या स्वतःच्या तालमीतल्या पोरांनी. गॅरी नेव्हिल, फिल नेव्हिल, निकी बट, पॉल स्कोल्स, डेव्हिड बेकम. पहिल्याच सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलानं त्यांना ३-१ हरवलं. त्या रात्री स्टुडिओत हॅन्सन म्हणाला, पोरं घेऊन काही जिंकता येत नाही.

त्याच्या बाजूनं एवढंच म्हणेन की त्याच्या अनुभवाला धरून ते बरोबर होतं. लिव्हरपूलच्या जुन्या पद्धतीत नवा खेळाडू आला की त्याला महिनोन् महिने राखीव संघात घासायचे, जुन्यांच्या शेजारी एकेक करून आणायचे. पाच पोरं एकदम कुणी उतरवत नसे. पण मँचेस्टरच्या त्या पोरांना उतरवणारा होता अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. मेक्सिकोला जाताना हॅन्सनला मागे ठेवणारा, तोच.

युनायटेडनं ती लीग जिंकली. मग ११ मे १९९६ ला वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना. समोर लिव्हरपूल. पंचाऐंशी मिनिटं गोल नाही. बेकमनं कॉर्नर मारला, गोलरक्षक डेव्हिड जेम्स पुढे आला पण चेंडू नीट दूर गेला नाही, क्षेत्राच्या कडेवर एरिक कँटोनाकडे आला. गोलसमोर लिव्हरपूलच्या मंडळींची चांगली गर्दी होती, पण कँटोनाच्या अंगावर वेळेत कुणी गेलं नाही. त्यानं किंचित मागे सरकत चेंडू मारला आणि तो त्या सगळ्या पायांमधून आत गेला.